गिअरपेटीवरचा आळ आणि तारेची चौकशी

(न्यासाच्या महोत्सवी व्याख्यानमालेत बालाघाट येथे झालेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत आमच्या आधी विद्वान मंडळींची भाषणे झाली. आम्ही पडलो मोटार दुरुस्तीच्या धंद्यातली माणसे. आमचा संबंध शब्दांपेक्षा पान्याशी अधिक. तरीही विश्वस्तांनी आम्हांस बोलाविले, ह्याला कारण आहे. महोत्सवाच्या निधीतून समाजातील होतकरू मुलांसाठी मोटारीच्या विद्युत्-कामाचा एक सायंवर्ग काढावा असा त्यांचा मानस आहे, आणि त्या वर्गासाठी पैसा कोणत्या हत्यारांवर खर्च करावा असे त्यांनी आम्हांस विचारले आहे. नुसती यादी लिहून दिली असती तरी चालले असते. परंतु यादी अशीच का, हे समजल्यावाचून देणाऱ्याने पैसा देऊ नये आणि घेणाऱ्याने घेऊ नये. म्हणून आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत विजेचा दोष कसा शोधतात, हे आज थोडे सविस्तर सांगावयाचे आम्ही ठरविले आहे.

अशा गाड्या आपल्या भागात नव्या नाहीत; परंतु पूर्वी त्या श्रीमंतांच्याच दारात असत. २०१४ साली हे चित्र पालटले. त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्लीजवळच्या प्रदर्शनात मारुती कंपनीने सेलेरिओ ही गाडी मांडली. तिच्या एका प्रकारात क्लचचे पेडलच नव्हते आणि किंमत मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातली होती. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडर निघणे बंद झाले. ज्या अँबॅसडरवर आमच्या पिढीचे हात बसले, ती गेली आणि ही आली, असा तो योग होता.

ह्या गाड्या कोण घेतो ते पाहावे. बालाघाट, वाराशिवनी, कटंगी, लांजी येथून आमच्याकडे त्या येतात तेव्हा मालक बहुधा तीन प्रकारचे असतात : गुडघे दुखू लागलेले निवृत्त गृहस्थ, पन्नाशीत गाडी शिकलेल्या भगिनी, आणि डावा पाय अधू असल्यामुळे क्लच दाबता न येणारी माणसे. अशा माणसाची गाडी पंधरा दिवस नागपूरला किंवा जबलपूरला पडून राहिली, तर त्याचा दवाखाना, बँक, बाजार सारेच अडते. दुसऱ्याची गाडी मागून आणावी म्हटले, तर ती त्याला चालविता येत नाही. म्हणून ह्या गाड्यांची दुरुस्ती गावातच व्हावी, आणि ती अंदाजाने न होता निदानाने व्हावी, ह्याला आम्ही महत्त्व देतो. अंदाज चुकला तर मिस्त्रीचे काही जात नाही. मालकाचे हजारो रुपये जातात.

आता ह्या यंत्राची रचना सांगतो. स्वस्त गाड्यांत जो प्रकार असतो त्याला ए.एम.टी. म्हणतात. त्यात गिअरपेटी निराळी नसते. तीच दातेरी चाके, तोच कोरडा क्लच. चालकाच्या डाव्या पायाचे आणि डाव्या हाताचे काम तेवढे यंत्राकडे सोपविलेले असते. एक लहान विद्युत् मोटार पंप फिरविते व तेलाचा दाब एका बंद भांड्यात साठवून ठेविते. विजेने उघडझाप करणाऱ्या झडपा, ज्यांना सोलेनॉइड म्हणतात, त्या हा दाब कधी क्लचकडे तर कधी गिअरच्या दांड्याकडे सोडतात. क्लच किती सरकला, दांडा कोठे पोचला, दंड किती वेगाने फिरतो, हे सेन्सर कळवीत असतात. आणि ह्या सर्वांच्या वर टी.सी.यू. नावाचा लहानसा संगणक बसलेला असतो. चालकाने ब्रेक दाबला आहे काय, लिव्हर कोठे आहे, इंजिन किती फिरते आहे, हे पाहून तो एका क्षणात हुकूम सोडतो.

ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनी एक गोष्ट ऐकली असेल. चालकाच्या बाजूचे दार उघडताच बोनेटखालून एक बारीक घरघर येते व दोन-चार सेकंदांत थांबते. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. वस्तुतः मालक बसणार म्हणून पंप आधीच दाब भरून ठेवीत असतो. ही घरघर म्हणजे आमच्या दृष्टीने फुकट मिळालेली पहिली तपासणी होय. ती मुळीच आली नाही, तर बॅटरी, फ्यूज, रिले, दाराचा स्विच किंवा पंपाची मोटार ह्यांकडे पाहावे. गाडी उभी असताना ती पुनःपुन्हा येऊ लागली, तर दाब कोठेतरी गळतो आहे किंवा साठवणीचे भांडे थकले आहे असे समजावे. दुसऱ्या अवस्थेत विजेची हत्यारे बाजूला ठेवून आधी तेल पाहावे हे बरे.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पायाने क्लच दाबणाऱ्या गाडीची बॅटरी अर्धी मेली तरी ढकलून ती चालू होते आणि घरी पोचते. ह्या गाडीत क्लच दाबावयाचा तोही विजेने आणि गिअर बदलावयाचा तोही विजेने. गिअरमध्ये उभी केलेली गाडी बॅटरी मेल्यावर न्यूट्रलमध्ये येत नाही, त्यामुळे ढकलताही येत नाही. वीज कमी पडली की संगणक धोका पत्करत नाही. दिवा लुकलुकवितो, गिअर घेण्याचे नाकारतो, व गाडी आहे तेथे उभी करतो. मालक म्हणतो, गिअरपेटी गेली. वरवर पाहणारा मिस्त्रीही तेच म्हणतो. आमच्या अनुभवात हा आळ बहुतेक वेळा खोटा ठरला आहे.

आम्हीच हे म्हणतो असे नाही. जगातील अतिशय हुशार मंडळींनाही ह्याच आळाने एकदा चकविले होते, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८९ साली इटलीच्या फेरारी कंपनीने शर्यतीच्या मोटारीत पहिल्यानेच अशी गिअरपेटी बसविली, की चालकाने सुकाणूमागची पट्टी बोटाने ओढावी आणि गिअर विजेच्या हुकमाने तेलदाबावर बदलावा. जॉन बार्नर्ड हे तिचे कर्ते. सरावात गाडी वारंवार थांबे. सर्वांची खात्री अशी की हे नवे खूळ टिकणार नाही. २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमध्ये पहिली शर्यत होती. चालक नायजेल मॅन्सेल ह्याने गाडी लवकरच बंद पडणार असे गृहीत धरून घरी परतण्याचे विमानही लवकरचे ठरविले होते. आणि ती शर्यत त्याने जिंकली! पुढेही त्या हंगामात गाडी पुनःपुन्हा बंद पडे, आणि बोल लागे तो गिअरपेटीला. शोध करता असे निघाले की इंजिनाच्या कंपनामुळे अल्टरनेटर फिरविणारा पट्टा उडून जात असे. पट्टा गेला की वीज तयार होणे थांबे, बॅटरी उतरे, आणि ज्याला सर्वांत जास्त वीज लागते ते आधी बंद पडे, म्हणजे गिअर बदलण्याचे यंत्र. अपराध पट्ट्याचा, शिक्षा पेटीला.

त्या फेरारीच्या गिअरचे विद्युत् नियंत्रण मॅग्नेटी मारेल्ली ह्या इटालियन कंपनीच्या साहाय्याने झाले होते, आणि पंचवीस वर्षांनी आपल्या सेलेरिओत बसलेला क्लच-गिअरचा संचही त्याच कंपनीचा होता. तेव्हा वाराशिवनीच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी आणि ब्राझीलच्या शर्यतीतली गाडी ह्यांचे कूळ एक आहे, आणि दुखणेही पुष्कळदा एकच निघते.

म्हणून आमचा पहिला नियम असा की पेटीला हात लावण्यापूर्वी विजेचा पुरवठा तपासावा. बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट, आणि स्टार्टर फिरत असताना दहाच्या फारसे खाली नाही, ही तीन मापे घेण्यास पाच मिनिटे पुरतात. एवढ्याने निम्मा संशय मिटतो. परंतु खरी गंमत पुढेच आहे. बॅटरीपाशी वीज पूर्ण असून पंपापर्यंत ती पोचत नाही, असे पुष्कळदा होते. आणि हे ओळखण्याची रीत ठाऊक नसल्यामुळेच चांगले संगणक आणि चांगले पंप बदलले जातात.

येथे थोडे गणित करू. जर्मनीतल्या गेओर्ग ओम ह्या शिक्षकाने १८२७ साली जो नियम प्रसिद्ध केला, तो शाळेत सर्वांनी शिकलेला आहे : प्रवाहाला रोधाने गुणले की दाबातली घट येते. समजा, पंपाच्या मोटारीला २० अँपिअर लागतात, आणि तिच्या अर्थिंगच्या नटाखाली गंज चढून एक दशांश ओहमचा रोध निर्माण झाला आहे. वीस गुणिले एक दशांश म्हणजे २ व्होल्ट. बारातले दोन तेथेच गेले! परंतु पंप बंद असताना त्याच तारेतून अर्धा अँपिअर जात असेल, तर घट केवळ ०.०५ व्होल्टची. त्या वेळी मीटर लावणारा मिस्त्री म्हणतो, "अर्थिंग उत्तम आहे." साध्या मीटरवर ओहम मोजावे तर एक दशांश ओहम त्याला नीट दिसत नाही. एवढेच नव्हे, जाड तारेचे सगळे पदर तुटून एकच बारीक पदर शिल्लक असेल तरी ओहमचा काटा शून्यच दाखवितो. पाणी किती येते हे थेंब गळणाऱ्या नळावरून कळत नाही. तोटी पूर्ण उघडावी लागते. तसेच तारेचे आहे. ती ओझ्याखाली मोजावी.

मोजण्याची रीत अशी. मीटर व्होल्टवर ठेवावे. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर (खुंटीवरच, क्लँपवर नव्हे), दुसरे टोक पंपाच्या किंवा संगणकाच्या अर्थिंगच्या तारेवर. मग साहाय्यकाने दार उघडून पंप चालवावा, हेडलाइट आणि पंखा लावावा. मीटर ०.१ व्होल्टच्या आत राहिले तर तार निर्दोष. त्याहून पुष्कळ वर गेले तर चोर सापडला; मग एकेक जोड पुढे सरकत मोजावे, म्हणजे घट नेमकी कोणत्या नटापाशी आहे ते कळते. धन बाजूसही तीच रीत. पंप चालविता येत नसेल, तर कपलर काढून त्या जागी हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब लावावा. तो साडेचार अँपिअरच्या वर खातो. बल्ब लख्ख पेटला तर तार वीज वाहते. मंद पेटला तर ती केवळ दिसायला तार आहे. हा बल्ब मात्र सेन्सरच्या किंवा संगणकाच्या बारीक तारांवर कधीही लावू नये, नाहीतर दोष शोधता शोधता आपणच तो निर्माण करू.

ह्याच रीतीने सुटलेला एक प्रसंग सांगतो. एका निवृत्त शिक्षकांची गाडी आमच्याकडे आली. दिवसा ती बिनतक्रार चाले. रात्री, तेही पावसात, गिअरचा दिवा लुकलुके आणि गाडी भर रस्त्यात न्यूट्रलमध्ये जाई. एकदा बैहरच्या वाटेवर गांगुलपाऱ्याच्या घाटात असे झाले. मागून ट्रक येत होता आणि गाडी उतारावर मागे सरू लागली. हँडब्रेकने निभावले. मोठ्या शहरातील एका कारखान्याने क्लच-गिअरचा सबंध संच व संगणक बदलण्याचा सल्ला दिला होता, आणि खर्चाचा आकडा ऐकून गुरुजी गाडीच विकावयास निघाले होते. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला : रात्री आणि पावसात असे काय चालू असते, जे दिवसा बंद असते? हेडलाइट, वायपर, पंखा, काचेवरचे धुके घालविणारी तार. म्हणजे ओझे. स्कॅनरमध्ये दोन कोड होते, एक पंपाचा आणि दुसरा व्होल्टेज कमी झाल्याचा. पहिल्याकडे सर्वांनी पाहिले होते, दुसऱ्याकडे कोणीच नाही. वरच्या रीतीने मोजले तेव्हा सर्व दिवे लावून पंप चालविताच अर्थिंगवर दीड व्होल्टहून अधिक घट दिसली. काही महिन्यांपूर्वी गाडीच्या पुढच्या भागाला रंग दिला होता, आणि रंगाच्या थरावरच अर्थिंगचा बोल्ट परत आवळला होता. रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळून वर ग्रीस लाविले. घट पाच शतांशांवर आली. खर्च सांगण्यासारखा नव्हताच. गुरुजी अजून तीच गाडी चालवितात.

आता स्कॅनरविषयी. भारतात १ एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना ओ.बी.डी.चा दुसरा टप्पा लागू झाला. डॅशबोर्डखालच्या सोळा टोकांच्या त्या सॉकेटला यंत्र जोडले की गाडीने स्वतः नोंदविलेले दोष वाचता येतात. हे वरदानच होय, ह्यात शंका नाही. परंतु ह्या वरदानाने आमच्या धंद्यात एक आळसही आणला आहे. कोड आला की तो भाग बदलावयाचा! कोडाचे शब्द नीट वाचावेत. पी-०७२० हा कोड बाहेर पडणाऱ्या दंडाच्या वेगाच्या सेन्सरच्या 'सर्किट'मध्ये दोष आहे असे सांगतो. सेन्सर खराब आहे असे तो म्हणत नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन-तीन तारा, कपलरची टोके, अर्थिंग आणि शेवटी संगणकातील जोड. ह्यांपैकी कोणी एक दोषी आहे, एवढीच साक्ष कोड देतो. पी-०७०० तर त्याहून मोघम : गिअरच्या संगणकाने काहीतरी तक्रार केली आहे, ती त्याच्याकडेच जाऊन विचारा, एवढाच त्याचा अर्थ. स्वस्तातले स्कॅनर इंजिनाचाच संगणक वाचतात आणि हाच कोड दाखवून थांबतात. त्यावरून जो कोणी पेटी उतरवितो त्याला काय म्हणावे! पी-०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. तो इतर कोडांच्या सोबत आला असेल तर आधी त्याचाच निकाल लावावा, कारण बाकीचे पुष्कळदा त्याचीच पिलावळ असतात.

कोड पुसण्यापूर्वी लिहून घ्यावेत, ही सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावली पाहिजे. कोडाबरोबर त्या क्षणाची नोंदही पुष्कळ गाड्यांत साठविलेली असते : वेग किती, इंजिन किती गरम, व्होल्ट किती. पुसला की ती नोंद गेली. आणि मालकाची जबानी स्कॅनरहून कमी समजू नये. दोष थंडीत येतो की ऊन तापल्यावर, खड्ड्यात आपटल्यावर की गाडी धुतल्यावर, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

ब्रेकच्या स्विचचे उदाहरण मुलांना मुद्दाम द्यावे. पेडलखालचा तो लहानसा स्विच मागचे लाल दिवे लावतो, आणि गिअरच्या संगणकालाही ब्रेक दाबल्याचे कळवितो. तो बिघडला तर गाडी न्यूट्रलमधून निघत नाही, काही गाड्या तर सुरूच होत नाहीत. तपासणी काय? मागे एका मुलाला उभे करावे आणि लाल दिवे लागतात का ते विचारावे. पुष्कळ स्विचांत दोन जोड असतात, म्हणून दिवे लागले तरी दुसरा जोड मीटरने पाहावा. पण सुरुवात ह्या फुकटच्या तपासणीने करावी.

आपल्या जिल्ह्याची म्हणून काही खास दुखणी आहेत. पहिले उंदीर. बालाघाटच्या चिन्नौर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ह्याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. परंतु धानाच्या कोठाराला लागून गाडी उभी केली की उंदीर दाणे खाऊन तृप्त होतो आणि दात घासावयास बोनेटखाली येतो. कुरतडलेली तार नुसती पिळून वर टेप गुंडाळू नये. जोड झाळावा किंवा दाबून बसवावा, आणि त्यावर आकसणारी नळी चढवावी. त्यातही संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारा असतील तर विशेष जपावे. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ही 'कॅन' पद्धत. तीत दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि सर्व संगणक त्यांच्यावरूनच बोलतात. ह्या मुख्य जोडीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोध असतात, म्हणून बॅटरी सोडवून सॉकेटच्या सहाव्या व चौदाव्या टोकांत मोजले तर बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम यावेत. १२० आले तर एक बाजू तुटली. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींस चिकटल्या. यू-०१०१, म्हणजे गिअरच्या संगणकाशी बोलणे तुटले, असा कोड आल्यावर संगणक मागविण्याआधी हे माप घ्यावे. गिअरच्या संगणकाला वीज व अर्थिंग मिळते का हेही पाहावे, कारण मुका झालेला आणि उपाशी असलेला ह्यांत स्कॅनरला फरक कळत नाही.

दुसरे दुखणे पावसाचे. कपलरमध्ये शिरलेले पाणी तांब्याला हिरवा गंज आणते आणि तो तारेच्या आतून वर चढतो. ह्यासाठी तार तपासताना तिच्या आवरणाला सुई टोचण्याची जी खोड आमच्या धंद्यात आहे ती मोडली पाहिजे. आज टोचलेल्या भोकातून पुढच्या श्रावणात पाणी जाते, आणि जो दोष नव्हता तो आपण पेरून ठेवतो. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टोक आत सरकवून मोजावे. तिसरे दुखणे वैशाखाचे. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला शेकडा ०.३९ इतका. २० अंशांना १० ओहम असलेले सोलेनॉइडचे वेटोळे १०० अंशांना १३ ओहमच्या आसपास जाते. एवढे स्वाभाविक आहे. परंतु वेटोळ्यातील तार आधीच चिरलेली असेल तर तापल्यावर ती पार तुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. मग सकाळी कारखान्यात गाडी ठणठणीत, आणि दुपारी बाजारात बंद. अशा गाडीची तपासणी दोष हजर असतानाच करावी लागते. मलाजखंडची तांब्याची खाण आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे तांब्याचा हा स्वभाव तरी मुलांना परका वाटू नये!

तेलामुळेही विजेचा दोष होतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने सात गिअरांच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या सुमारे १६ लाख मोटारी जगभरातून परत बोलाविल्या होत्या. पेटीतल्या कृत्रिम तेलामुळे, विशेषतः उष्ण व दमट हवेत, वीजपुरवठ्यात शॉर्ट होण्याचा संभव होता. उपाय म्हणून खनिज तेल भरण्यात आले. तेव्हा तेल हे तेलवाल्याचे आणि तार ही तारवाल्याची, अशी वाटणी ह्या गाड्यांत चालत नाही. उलट क्लच खरोखरच झिजला असेल तर कितीही मीटर लावले तरी व्यर्थ. चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, जळकट वास येतो, आणि विजेची सर्व मापे बरोबर आहेत, तर खुशाल पेटी उतरवावी. तारेची चौकशी आधी करावयाची ती ह्यासाठी, की पेटी उतरविण्यास दिवस लागतो आणि मीटर लावण्यास घटका.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो. एका दानशूर गृहस्थांनी वर्गासाठी एक उंची स्कॅनर देऊ केला आहे, आणि त्यांच्या औदार्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु त्यांची क्षमा मागून आमचे मत असे, की पहिल्या वर्षी तो घेऊ नये. एका स्कॅनरभोवती वीस मुले उभी राहतील, एक बटण दाबील आणि एकोणीस पाहतील. त्याच पैशांत प्रत्येक मुलाला एक चांगला मल्टिमीटर, मागून टोचावयाची टोके, ५५ वॅटचे बल्ब, झाळकामाचे सामान आणि कपलरची टोके काढण्याची हत्यारे मिळतील. गाड्यांच्या वायरिंगचे नकाशे विकत घेण्यास मात्र हात आखडू नये. नकाशावाचून मीटर म्हणजे दिव्यावाचून अंधारात चालणे. भंगारातून ए.एम.टी.चा एक संच आणि त्याचे पूर्ण हार्नेस मिळविता येईल. ते लाकडी फळीवर मांडून त्यात शिक्षकाने रोज एक दोष लपवावा : कधी नटाखाली कागद, कधी तुटका पदर, कधी सैल टोक. मुलांनी तो मोजून काढावा आणि वहीत मापे लिहावीत. दुसऱ्या वर्षी स्कॅनर घ्यावा. तोवर त्याने दिलेल्या साक्षीची उलटतपासणी करणारी मुले तयार झालेली असतील. हे काम येणारा मुलगा गोंदियात किंवा नागपुरात उपाशी राहत नाही, आणि येथेच राहिला तर आमच्या गुरुजींसारख्यांची गाडी विकण्याची पाळी टळते.

मंडपाबाहेर एक गाडी उभी करून ठेवली आहे. तिच्या अर्थिंगच्या नटाखाली आम्ही कागदाचा तुकडा घातला आहे, अशा बेताने की नट अर्धवटच टेकावा. कोणत्या नटाखाली ते सांगत नाही. मीटर व बल्ब बोनेटवर ठेवले आहेत. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चहा झाल्यावर तिकडे यावे, आणि येताना चालकाचे दार उघडून ती घरघर आधी ऐकावी.